चुका ऐकवणारा हेडफोन

निवेदनाचं किंवा डबिंगचं काम आता फक्त मोठ्या स्टुडिओंत होतं असं राहिलेलं नाही. २०१७ साली स्टोरीटेल भारतात आलं तेव्हा सुरुवातीपासूनच त्यात मराठी पुस्तकं होती. पॉडकास्ट, यूट्यूबवरची निवेदनं, ई-लर्निंगचे धडे, जाहिरातींचे छोटे व्हॉइसओव्हर अशी कामंही वाढत गेली आणि त्यातली पुष्कळशी आज घरातल्या एखाद्या खोलीत, कपड्यांच्या कपाटाला खेटून मांडलेल्या टेबलावर होतात. हे काम सुरू करणारा माणूस सगळ्यात जास्त चौकशी करतो ती माइकची. कंडेन्सर घेऊ की डायनॅमिक, यूएसबी की एक्सएलआर, यावर आठवडे जातात. हेडफोनचा नंबर शेवटी लागतो. उरल्या पैशांत बसेल तो घेतला जातो, नाहीतर गाणी ऐकायला घरात असलेलाच चालवून घेतात. पण रेकॉर्डिंग संपल्यानंतरचा प्रत्येक निर्णय हेडफोनमधूनच होतो. हा टेक ठेवायचा की पुन्हा घ्यायचा, हा श्वास कापायचा की राहू द्यायचा, मागची घरघर चालण्याजोगी आहे की नाही, हे सगळं तोच सांगतो. माइक कमी दर्जाचा असला तर ते निदान ऐकून कळतं. हेडफोन खोटं सांगत असला तर ते ऐकणाऱ्याला कळायला मार्गच नसतो. चांगली बाजू अशी की या कामासाठी लागणारा खरेपणा महाग नाही. पाच ते दहा हजार रुपयांच्या टप्प्यात तो मिळतो, आणि त्याच्या वर मोजलेले पैसे आवाजाच्या कामात बहुतेक वाया जातात. मात्र त्यासाठी कानाला सुखावणारा हेडफोन शोधायचं सोडून चुका उघड्या पाडणारा शोधावा लागतो.

या चुका कोणत्या, हे आधी पाहायला हवं, कारण निवड त्यावरच ठरते. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झच्या आणि स्त्रीचा १६५ ते २५५ हर्ट्झच्या दरम्यान असतो. शब्द मात्र कळतात ते त्याच्या बरेच वर, मुख्यतः एक ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, कारण व्यंजनांची ओळख तिथे पटते. त्याहून वर, पाच ते आठ किलोहर्ट्झच्या आसपास आणि पुढेही, ‘स’चा सीत्कार पसरलेला असतो, ‘श’ त्याच्या थोडा खाली बसतो. मराठी निवेदकाला या पट्ट्याची जास्तच काळजी घ्यावी लागते. ‘चहा’तल्या ‘च’मध्ये ‘श’चा अंश असतो, तर ‘चमचा’ आणि ‘चांगला’मधल्या ‘च’मध्ये ‘स’चा, म्हणजे माइकच्या दृष्टीने तेही सीत्कारच झाले. दुसऱ्या टोकाला प, फ, ब, भ हे ओठांचे वर्ण आहेत. त्यांच्याबरोबर सुटणारा हवेचा झोत माइकच्या पडद्यावर आदळला की साधारण दीडशे हर्ट्झच्या खाली एक धप्प आवाज उमटतो, आणि आपल्या महाप्राण वर्णांत तर झोत जोरातच सुटतो. याखेरीज जीभ टाळ्यापासून सुटतानाची चिकचिक, कोरड्या ओठांचा बारीक चटका, खुर्चीची कुरकुर, दोन टेक जिथे जोडले तिथली सूक्ष्म ‘टिक्’, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा १०० आणि १५० हर्ट्झवर उमटणारा गुणगुणाट, आणि उघड्या भिंतींवरून परत येणारा खोलीचा पोकळ प्रतिध्वनी. यांतल्या बहुतेक गोष्टी आवाजाच्या मानाने फार हलक्या असतात. हेडफोनने त्या झाकल्या तर त्या राहूनच जातात, आणि मग श्रोत्याच्या कानात जाऊन बोचतात.

आता बाजारातले बहुतेक हेडफोन काय करतात ते पाहा. गाण्यांना भारदस्तपणा यावा म्हणून त्यांत खालचे स्वर फुगवलेले असतात. फुगलेला बास वर सांगितलेल्या बारीक आवाजांना झाकून टाकतो. शिवाय त्यातून ऐकलेला स्वतःचा आवाज आहे त्याहून भरदार वाटतो. संपादन करणारा मग बास कमी करत जातो, आणि तीच फाइल दुसऱ्याच्या फोनवर पत्र्यासारखी वाजते. उलट गोष्टही घडते: काही हेडफोनांत वरचा भाग इतका दबलेला असतो की सीत्कार ऐकूच येत नाही, आणि फाइल जशीच्या तशी पुढे पाठवली जाते. खोक्यावर लिहिलेलं ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ यातलं काहीच सांगत नाही. त्या दोन टोकांमध्ये कोणता भाग किती डेसिबलने वर आणि कोणता खाली, हा खरा प्रश्न असतो आणि तो खोक्यावर नसतो. ‘स्टुडिओ’ आणि ‘मॉनिटर’ हे शब्द छापायलाही कुणाची परवानगी लागत नाही.

‘फ्लॅट’, म्हणजे कुठलाच भाग वर-खाली नसलेला, हा शब्दही थोडा सांभाळून घ्यावा लागतो. आपल्या कानाची पाळी आणि कानाची नळी मिळून तीन किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज मुळातच बराच वाढवतात. समोरच्या माणसाचं बोलणं ऐकताना ही वाढ झालेली असतेच आणि मेंदूला तिची सवय असते. हेडफोन थेट कानावर बसतो, त्यामुळे ही वाढ त्यालाच भरून द्यावी लागते. म्हणून चांगल्या हेडफोनचा आलेख सरळ रेषेत नसतो. तीन किलोहर्ट्झजवळ त्याला ठळक उंचवटा असतो आणि असायलाच हवा. हा उंचवटा नेमका किती असावा यावर हार्मन कंपनीतले शॉन ऑलिव्ह आणि त्यांचे सहकारी गेल्या दशकात बरंच काम करत होते. चांगल्या खोलीत ठेवलेले चांगले स्पीकर जसे ऐकू येतात तसा हेडफोन ऐकू यावा, या धर्तीवर त्यांनी श्रोत्यांच्या चाचण्या घेतल्या आणि एक लक्ष्य-आलेख मांडला. तो हार्मन कर्व्ह म्हणून ओळखला जातो. हेडफोन मोजणारे आज बहुतेक त्याच्याशीच तुलना करतात. खरेदीआधी एखाद्या मॉडेलचा असा मोजलेला आलेख पाहावा. दहा तारांकित अभिप्रायांपेक्षा तो जास्त सांगतो.

इथे पहिला आणि रास्त आक्षेप येतो: खरेपणा हवा असेल तर पैसे जास्त मोजावे लागणारच ना? इतर वस्तूंच्या अनुभवावरून हे पटण्याजोगं आहे. पण २०१७ साली येरून ब्रीबार्ट या ध्वनितज्ज्ञाने अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्याने २८३ हेडफोन आणि इअरफोनांचे आलेख मोजून ते किमतीशी ताडून पाहिले. निष्कर्ष निबंधाच्या शीर्षकातच होता: आलेख आणि किंमत यांच्यात काही संबंध नाही. महाग हेडफोन जास्त खरा असेलच असं नव्हतं, आणि स्वस्त वाकडाच असेल असंही नव्हतं. या पुराव्याला मर्यादा आहेत. त्यात फक्त कोणता भाग किती वर आणि किती खाली हे मोजलं होतं. बांधणी किती टिकते, तासन्‌तास डोक्यावर घालता येतो का, याचा हिशेब त्यात नव्हता, आणि या बाबतीत जास्त पैशांना काही मोल नक्कीच आहे. उलट बाजूने पाहिलं तर फारच स्वस्त, हजार-दीड हजारांच्या मोठ्या हेडफोनांत डावा आणि उजवा कान सारखा नसणं, वायर सैल होणं, असल्या कटकटी येतात. म्हणून मी तळाचा टप्पा सोडतो आणि वरचाही सोडतो. मधल्या टप्प्यात निवड करावी. ती किमतीवरून न करता आलेख पाहून करावी, एवढं त्या निबंधावरून निश्चित म्हणता येतं.

बंद पाठीचा, म्हणजे वाट्यांची बाहेरची बाजू बंद असलेला, हेडफोन घ्यावा की उघड्या पाठीचा, यावर मात्र बराच वाद होतो. सेनहायझरने १९६८ साली एचडी ४१४ हा उघड्या पाठीचा पहिला हेडफोन बाजारात आणला, तेव्हापासून जाणकारांचा ओढा त्या जातीकडे आहे. उघड्या पाठीतून आवाज मोकळा येतो, कानाभोवती कोंडल्यासारखं होत नाही, आणि गाणी मिक्स करणाऱ्यांना तो आवडतो हे अगदी बरोबर आहे. पण आवाजाच्या कामात एकच जोड रेकॉर्डिंगलाही लागते आणि संपादनालाही. रेकॉर्डिंग करताना उघड्या पाठीतून बाहेर पडणारा आवाज समोरच्या माइकमध्ये शिरतो. डबिंगमध्ये मूळ संवाद कानात वाजत असतात आणि तेच नव्या ट्रॅकवर भुतासारखे उमटतात. नंतर ते काढता येत नाहीत. संपादनाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. ऑडिबलसाठी ऑडिओबुकं स्वीकारणाऱ्या एसीएक्सची अट अशी, की सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबलच्या दरम्यान हवी, सर्वोच्च टोक उणे ३ च्या वर जाऊ नये, आणि शांततेतला गोंगाट उणे ६० च्या खाली हवा. म्हणजे बोलणं उणे २० वर असेल तर गोंगाट त्याच्या ४० डेसिबल खाली आला. तुम्ही बोलणं ७० डेसिबलवर ऐकत असाल तर तो गोंगाट तुमच्या कानाशी ३० डेसिबलवर पोचतो. पंखा चालू असलेल्या आणि बाहेर रिक्षा जाणाऱ्या खोलीचा स्वतःचाच आवाज सहज ४० ते ५० डेसिबल असतो. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये त्या ३० डेसिबलचा ठावठिकाणाही लागणार नाही. आपल्याकडची घरं ज्या प्रकारची आहेत, आणि एप्रिल-मेमध्ये पंखा बंद करून संपादन करणं जितकं अवघड आहे, ते पाहता बंद पाठीला पर्याय नाही. तीही सगळं अडवत नाही. वरचे आणि मधले स्वर ती चांगले रोखते. ट्रकची खोल घरघर तिच्यातूनही येते. तरीही दोन्हींतला फरक काम बिघडण्या-सुधारण्याइतका आहे.

मग नॉइज कॅन्सलिंगचाच का घेऊ नये? कारण त्यात बाहेरचा आवाज पुसण्यासाठी हेडफोन स्वतः सतत काहीतरी मिसळत असतो. पुष्कळ मॉडेलांत ही सोय चालू आणि बंद असताना आवाजाचा पोतच वेगळा लागतो, शिवाय स्वतःची बारीक सळसळ असते. फाइलमधली सळसळ शोधायला बसलेल्या माणसाला स्वतः सळसळणारं यंत्र उपयोगाचं नाही. प्रवासात गाणी ऐकायला ते उत्तमच आहे.

ब्लूटूथबद्दल मी याहून कडक आहे. बिनतारी हेडफोनवर आवाज पोचायला साधारणपणे शंभर-दोनशे मिलिसेकंद किंवा अधिक वेळ लागतो. काही खास जोड्यांत तो कमी होतो, पण शून्य होत नाही. चित्रपट पाहताना फोन ही तफावत जुळवून घेतो. बोलताना जुळवायला काही उरत नाही, कारण आपला आवाज आपल्याला उशिरा ऐकू येतो. बर्नार्ड ली या अमेरिकन संशोधकाने १९५० च्या सुमारासच दाखवून दिलं होतं, की स्वतःचं बोलणं सेकंदाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याने मागे ऐकवलं तर चांगला बोलणारा माणूसही अडखळतो, अक्षरं लांबवतो, तोतरा होतो. ब्लूटूथचा उशीर नेमका त्याच जागी पडतो. त्यात भर म्हणजे बिनतारी हेडफोनचाच माइक वापरायला घेतला की दोन्ही बाजूंचा आवाज बहुतेकदा फोन कॉलच्या दर्जावर उतरतो. उशीर फक्त रेकॉर्डिंगला नडतो, संपादन तरी बिनतारी चालेल, असं कुणी म्हणेल. पण संपादनात एखाद्या श्वासाच्या अलीकडे कापायचं की पलीकडे, हे पडद्यावरची रेघ आणि कानातला आवाज एकत्र चालत असतील तरच ठरवता येतं. वायर असलेला हेडफोन घ्यावा, आणि माइक संगणकाला जोडणाऱ्या इंटरफेसवर थेट मॉनिटरिंगचं बटण असेल तर रेकॉर्डिंगला तेच वापरावं. त्यात आवाज संगणकातून फिरून येत नाही.

वायर आणि बंद पाठ एकत्र आली की एक जुनी अडचण उरते. दोन्ही कान झाकले की स्वतःचा आवाज डोक्याच्या आतून, हाडांवाटे, घुमून ऐकू येतो आणि नवशिक्याला वाटतं आपला आवाज फार छान खर्जात लागतोय. मग तो खर्ज ताणायला लागतो. बरेच अनुभवी निवेदक एक कान उघडा ठेवून बोलतात ते यासाठीच. उघड्या कानाची वाटी मात्र गालाशी किंवा डोक्याशी दाबून ठेवावी, नाहीतर तिच्यातून आवाज माइकमध्ये जातो.

आता नावानिशी बोलायचं तर सोनीचा एमडीआर-७५०६ टाळून पुढे जाता येत नाही. १९९१ पासून तो जवळजवळ तसाच विकला जातो. बातम्या, चित्रीकरण, रेडिओ या क्षेत्रांत निळ्या पट्टीचा हा काळा हेडफोन जगभर दिसतो आणि अमेरिकेत त्याची किंमत शंभर डॉलरच्या आसपास असते. तो गोड नाही. वरचा भाग थोडा चढा आहे, त्यामुळे सीत्कार, चिकचिक, जोड हे सगळं तो पुढे आणून दाखवतो. मुद्रितशोधक जसा मजकुराचा आनंद घेत न बसता ऱ्हस्व-दीर्घावर बोट ठेवतो, तशी याची वृत्ती आहे. याचा एक तोटाही आहे: त्याच्यावर भरवसा ठेवून सीत्कार दाबत गेलं की निवेदकाचा ‘स’ बोबडा होतो. ऑडिओ-टेक्निकाच्या मालिकेत एटीएच-एम५०एक्सचं नाव जास्त झालं आहे, पण त्यात खालचे स्वर थोडे फुगीर आहेत, आणि बोलण्याच्या कामाला त्याच्याखालचा एम४०एक्स अधिक सरळ पडतो. त्याची वायर काढता-घालता येते, ही सोय वर्षभरानंतर लक्षात येते. सगळ्यात खालचा एम२०एक्स हलका आहे, पण वरच्या भागात थोडा मऊ आहे. बजेट अगदीच आखडतं असेल तर त्याने सुरुवात करायला हरकत नाही, फक्त सीत्काराची खात्री दुसऱ्या कशावर तरी करावी. सेनहायझरचा एचडी २८० प्रो बाहेरचा आवाज ३२ डेसिबलपर्यंत रोखतो असं कंपनी सांगते आणि तो रोखतोही जोरात. पण डोकं आवळतोही तितकाच. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो आरामाच्या बाबतीत या सगळ्यांच्या वर आहे. मात्र तो बहुतेकदा या टप्प्याच्या बाहेर जातो आणि त्याचं वरचं टोक सोनीहूनही तीक्ष्ण वाटू शकतं. एकेजीचा के२४० लोकप्रिय आणि स्वस्त आहे, पण अर्धा उघडा असल्यामुळे माइकसमोर बसणाऱ्याने सोडून द्यावा. मला एकच निवडायचा असता तर एम४०एक्स किंवा ७५०६ यांपैकी जो त्या दिवशी स्वस्त असेल तो घेतला असता. यांच्या किमती वर्षभरात पुष्कळ खाली-वर होतात. शिवाय ७५०६ आणि एम५०एक्स यांच्या हुबेहूब नकला बाजारात फिरतात, तेव्हा अर्ध्या किमतीची जाहिरात दिसली की अधिकृत विक्रेताच शोधावा.

ओहमचा, म्हणजे हेडफोनच्या विद्युत अवरोधाचा, आकडा फार जणांना घाबरवतो, त्याचं थोडक्यात. डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा प्रकारांत मिळतो. कंपन्यांच्याच आकड्यांवरून हिशेब केला तर ७५०६ला जितकं व्होल्टेज लागतं, त्याच्या साधारण सहापट २५० ओहमच्या डीटी ७७०ला तेवढंच मोठं वाजायला लागतं. लॅपटॉप किंवा छोट्या इंटरफेसला ते जड जातं. घरच्या मांडणीत ८० ओहमपर्यंतचा हेडफोन घेतला की हा विषय संपला.

सगळ्यात जोरकस आक्षेप वेगळाच आहे. ऐकणारे लोक दोनशे रुपयांच्या इअरफोनवर, नाहीतर स्वयंपाकघरात ठेवलेल्या मोबाइलच्या स्पीकरवर ऐकणार. मग निवेदकाने त्याच इअरफोनवर काम का करू नये? या आक्षेपात तथ्य आहे, आणि ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातलं एक उदाहरणही वरवर त्याच्या बाजूने बोलतं. यामाहाने १९७८ साली एनएस-१० नावाचा साधा घरगुती स्पीकर काढला. घरगुती ग्राहकांना तो फारसा रुचला नाही, पण पुढच्या दशकात जगभरच्या स्टुडिओंत मिक्सिंगच्या टेबलावर तोच उभा राहिला. मात्र तो तिथे टिकला तो श्रोत्यांच्या घरातल्या स्पीकरसारखा होता म्हणून नव्हे. मधले स्वर, म्हणजे जिथे गाणाऱ्याचा आवाज असतो तो भाग, तो इतका उघडा करून दाखवायचा की खोट लपत नसे, यासाठी टिकला. दोनशे रुपयांचा इअरफोन हे एकच यंत्र नसतं. एकात बास दुप्पट, दुसऱ्यात नाहीच, तिसऱ्यात सगळंच नाकातून आल्यासारखं. त्यांतल्या एकाला अनुसरून फाइल दुरुस्त केली की बाकीच्यांवर ती दुप्पट बिघडते. मध्यावर ठेवलेली फाइल सगळ्यांवर थोडी थोडीच हलते. अर्थात काम संपल्यावर फाइल मोबाइलच्या स्पीकरवर एकदा ऐकलीच पाहिजे, शब्द कळतायत ना एवढं पाहायला. फक्त त्या स्पीकरवर काही दुरुस्त करू नये.

दुसरी शंका सॉफ्टवेअरवाल्यांची. ऑडॅसिटी फुकट मिळते, स्पेक्ट्रोग्राममध्ये प्रत्येक टिकटिक उभ्या रेघेसारखी दिसते, मीटर गोंगाटाचा आकडा सांगतं, आवाज स्वच्छ करणारी साधनं एका बटणावर चालतात. हेडफोन दुय्यमच झाला, नाही का? मीटर सांगतं गोंगाट उणे ६२ आहे. तो एकसारखी सळसळ आहे की शेजारचा टीव्ही, हे सांगत नाही. पहिली श्रोता विसरतो, दुसऱ्याने त्याचं लक्ष उडतं. स्पेक्ट्रोग्राम टिकटिक दाखवतं. ती ‘क’चा उच्चार आहे की जिभेचा चटका, हे कानच ओळखतो. आणि ही स्वच्छतेची बटणं जरा जास्त दाबली गेली की बोलणं पाण्याखालून आल्यासारखं बुडबुडतं, शब्दांची शेपटं गळून पडतात. बऱ्याच घरगुती रेकॉर्डिंगमध्ये मूळ दोषापेक्षा ही सफाईच जास्त त्रास देते, आणि ती बुडबुड मीटरवर दिसत नाही.

कुठलाही हेडफोन पूर्ण सरळ नसतो, म्हणून त्याचा कल माहीत असणं हे तो विकत घेण्याइतकंच महत्त्वाचं आहे. त्याच हेडफोनवर व्यावसायिक दर्जाची ऑडिओबुकं भरपूर ऐकावीत, पुरुषाच्या आणि स्त्रीच्या आवाजातली, शक्यतो मराठीच, म्हणजे आपल्या च-ज-झ ची आणि महाप्राणांची मोजपट्टी कानात बसते. ७५०६ वर तिथला ‘स’ किती टोचतो हे एकदा कळलं की आपला तेवढाच टोचला तर हात आवरता येतो. आवाजाची पातळीही जागेवर ठेवावी लागते. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवलं की आवाज कमी-जास्त केला तर खालच्या स्वरांचं प्रमाण आपल्या कानाला बदललेलं वाटतं. सकाळी हळू आणि रात्री मोठ्याने ऐकत संपादन केलं तर दोन प्रकरणांचा पोत वेगळा होणारच. इंटरफेसच्या बटणावर पेन्सिलची खूण करून ठेवणं हा यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे. गोंगाट शोधायला बटण वर न्यायचं, शोधला की पुन्हा खुणेवर आणायचं. ही खूण खालीच असावी: जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात मोठ्या माणसाला आठवड्याला ८० डेसिबल ४० तास सुरक्षित धरलेत, आणि ९० डेसिबलला हाच काळ चार तासांवर येतो. ऑडिओबुकाचं संपादन आठवड्याला चाळीस तास सहज खातं.

राहता राहिले पैसे. दहा हजारांचा हेडफोन वीस हजारांचा केला तर खोलीचा प्रतिध्वनी थोडा अधिक स्पष्ट ऐकू येईल, आणि तो तिथेच राहील. तेच दहा हजार खोलीवर घालवले, जाड पडदे, गाद्या, भिंतीवर गोधड्या, माइकमागे कपड्यांचं भरलेलं कपाट, तर तो मुळातच कमी होतो. त्यानंतर हेडफोनने तो शोधून काढायची वेळच कमी येते. मला तरी या हिशेबात खोट दिसत नाही. ज्याची खोली आधीच नीट आहे, त्याच्यासाठी अर्थातच हा हिशेब लागू नाही.

दुकानात किंवा परतीच्या मुदतीत तपासायचं ते एवढंच. चष्मा लावणाऱ्याने चष्म्यासकट अर्धा तास घालून पाहावा. काडीमुळे गादी कानाभोवती नीट बसत नाही आणि त्या फटीतून बास गळतो, मग तो हेडफोन आहे त्याहून सपाट वाटतो. इंटरफेसला मोठी ६.३५ मिलिमीटरची पिन लागते, तिचा जोड खोक्यात आहे का पाहावं. सुट्या गाद्या मिळतात का, हे खरेदीआधीच विचारावं, कारण कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट हवेत घामाने कृत्रिम कातडं दोन-तीन पावसाळ्यांत सोलायला लागतं. ७५०६ च्या गाद्यांची तर तीच ख्याती आहे. मखमली गाद्या थंड असतात पण बाहेरचा आवाज थोडा जास्त आत येऊ देतात. गादी बदलली की तिची जाडी आणि कापड बदलतं आणि आवाजही बदलतो, म्हणून मिळतील त्या स्वस्त गाद्या न लावता मूळ कंपनीच्याच घ्याव्यात आणि बसवल्यावर ओळखीचं एखादं ऑडिओबुक पुन्हा एकदा ऐकावं. उघड्या पाठीची दुसरी जोड घेण्याचा विचार करायचा तो पार्श्वसंगीत, ध्वनिपरिणाम आणि स्टिरिओ मिक्सची कामं खरोखर हातात येऊ लागली की. नुसत्या एका आवाजाचं काम करणाऱ्याला तिची गरज पडत नाही.